‘केबल ओढणाऱ्यां’ची पदवी

बारावीचा निकाल लागला की घरोघरी जी खलबते सुरू होतात, त्यांत संगणकाचा विषय निघाला म्हणजे प्रोग्रामिंगला मानाचा पाट मिळतो. आणि एखाद्या मुलाने नेटवर्कचे नाव काढलेच, तर ‘म्हणजे तू केबल ओढत हिंडणार की काय?’ असे त्याला काकाच विचारतात. या प्रश्नात उपहासापेक्षा अज्ञानाचा अंश अधिक असल्यामुळे त्याचे उत्तर देणे अवश्य आहे.

केबल ओढणे हा या व्यवसायाचा भाग आहे, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी आणि तपकिरी अशा आठ तारा ठरलेल्या क्रमाने बसवून क्रिंपिंग करणे हे कौशल्य हाताला वळण असलेला मुलगा थोड्या दिवसांत आत्मसात करतो, आणि दहावीनंतर आयटीआयमध्ये त्यासाठी एक वर्षाचा अभ्यासक्रमही आहे. पदवीच्या शिक्षणाचा हेतू निराळा: तो आहे दोषसंशोधनाचा. एखाद्या कचेरीतून ‘नेट बंद आहे’ अशी तक्रार येते, तेव्हा तीत तपशील म्हणावा असा काहीच नसतो. फाईल कोणत्या टेबलावर अडली हे जसा जुना हेडक्लार्क आवक-जावक नोंदींवरून हुडकून काढतो, तसे संदेश कोणत्या पायरीवर अडला हे येथे हुडकावयाचे असते, आणि पाठ्यपुस्तकातील तो सात थरांचा तक्ता, जो विद्यार्थी केवळ परीक्षेपुरता घोकतात, तो वस्तुतः याच शोधाचा नकाशा होय. स्विचवरचा दिवा लागत नसेल, तर दोष पहिल्याच पायरीवर, बहुधा तारेतच. दिवा लागतो, पण संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होतो, याचा अर्थ असा की, संगणकाने पत्ता मागितला, कोणी उत्तर दिले नाही, आणि बिचाऱ्याने स्वतःच एक पत्ता धारण केला. तेव्हा चौकशी पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेची आणि तिथवरच्या वाटेची करावयाची. पत्ता योग्य आहे, दूरचे यंत्र अंकांनी हाक मारल्यास ओ देते आणि नावाने मारल्यास देत नाही, तर कसूर नावाचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसकडे. इतके अनुमान करता येणाऱ्यास केबल ओढणारा म्हणावयाचे असेल, तर म्हणावे बापडे!

गणिताची धास्ती हा दुसरा गैरसमज. नेटवर्क उभारणाऱ्यास कलन-समाकलनाची गरज क्वचित पडते. लागते ते दोनच्या घातांचे गणित. २५६ पत्त्यांचा एक गट चार खात्यांत सारखा वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६४ पत्ते येतात, आणि त्यांतील पहिला व शेवटचा राखीव असल्याने उपयोगास ६२ उरतात. वारसांत जमिनीची वाटणी करणाऱ्या समाजाला हे अवघड का वाटावे, ते मला उमगलेले नाही.

सर्वांत चिवट समजूत अशी की, सिस्कोची सीसीएनए परीक्षा दिली म्हणजे पदवीचे प्रयोजन संपले. ती परीक्षा चांगली आहे, परंतु तिच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते आणि पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते. पदवीच्या दाखल्याला अशी मुदत नाही. याचे कारण दोहोंच्या प्रकृतीत आहे. यंत्रे आणि आज्ञा बदलतात, मूलतत्त्वे टिकतात: १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने स्वीकारलेल्या टीसीपी-आयपी या नियमावलीवरच आजचे इंटरनेट चालते. अर्थात, ज्याने तीन वर्षांत एकदाही राउटरला हात लावला नाही अशा पदवीधराचा कैवार मी घेणार नाही. दोन्ही असावीत, हेच बरे.

‘नेटवर्क’ असे नाव दाखल्यावर नसेल तर शिक्षण व्यर्थ, हीही भ्रांतीच. आपल्याकडे हा विषय बहुधा बीसीए, बीएस्सी आयटी किंवा संगणक अभियांत्रिकीच्या पोटात शिकविला जातो. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेतलेल्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाचा मार्गही खुला असतो.

वायफाय आणि क्लाउड आल्यावर हा धंदा बसणार, असे भाकीत करणारेही भेटतात. छतावर चिकटवलेली वायफायची डबी स्वतः मात्र तारेनेच स्विचला जोडलेली असते, व पुष्कळदा वीजही त्याच तारेतून घेते. आणि क्लाउड म्हणजे आकाश नव्हे: ॲमेझॉनने २०१६ साली आपले भारतातील पहिले क्लाउड केंद्र मुंबईत सुरू केले. दप्तर तेथे गेले, म्हणून कचेरीपासून तेथवरचा रस्ता सांभाळावयाचे काम संपत नाही, उलट वाढते. कारण पूर्वी तार तुटली तर फक्त पत्रव्यवहार थांबे, आता सारे दप्तरच थांबते.

तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी फीच्या खिडकीआधी प्रयोगशाळेच्या दारात जावे. तेथील स्विच आणि राउटर कुलूपबंद कपाटात धूळ खात आहेत, की विद्यार्थी ते बिघडवून पुन्हा चालू करीत आहेत, एवढे डोळ्यांनी पाहावे आणि मगच सही करावी.