खुब्याचं ऑपरेशन झालं, हाडाचं काय?

म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं आणि घरचे निर्धास्त होतात. पण मोडलेलं हाड जोडणाऱ्या स्क्रूची पकड भोवतालच्या हाडावर अवलंबून असते. हाड विरळ झालं असेल, तर भुसभुशीत भिंतीतल्या खिळ्यासारखा स्क्रू सरकतो. कधी मांडीच्या हाडाचं डोकं फोडून सांध्यात शिरतो. मग दुसरं ऑपरेशन.

अर्थात सगळा दोष हाडाचा नसतो. स्क्रूचं टोक डोक्यात किती खोल, किती मधोमध बसलं, हे महत्त्वाचं. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेंवर डोक्याच्या शिखरापासूनचं त्याचं अंतर मोजतात. दोन्हींची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असावी. हाड डोक्याखालच्या मानेपाशी मोडून सरकलं, तर डोक्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. म्हणून वयस्करांना तिथे बहुधा कृत्रिम गोळा बसवतात.

रक्ताच्या गुठळ्या, न्यूमोनिया, पाठीच्या जखमा मुख्यतः पडून राहिल्याने होतात. म्हणून ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी पेशंटला उभं करतात, तो निर्दयपणा नव्हे!

सर्रास राहून जातो तो ठिसूळपणावरचा उपचार. उतारवयात साध्या पडण्याने खुबा मोडला, की हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा आकडा काहीही येवो, हाडं ठिसूळ आहेत असंच धरतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, अशा रुग्णांना वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिड हे हाडांची झीज रोखणारं औषध दिल्यावर नवे अस्थिभंग आणि मृत्यू दोन्ही घटले. हे औषध देण्याआधी मूत्रपिंडं आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या पुरत नाहीत. डिस्चार्ज घेताना डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.