जन्मदराकडून रक्ताच्या थेंबाकडे

1956 साली भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून मुंबईत लोकसंख्याशास्त्राचे केंद्र काढले, तेव्हा मुख्य काळजी वाढत्या जन्मांची होती. आज देवनारला असलेली ही आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 1985 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. तिथल्या पीएच.डी.चा पोत मात्र पालटला तो 1992-93 पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने. पहिल्या फेरीत 3.4 असलेला एकूण जननदर पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, 2.0 वर आला. मूळ काळजी निवळत गेली, मोजमापांची यादी मात्र लांबत गेली. दुसऱ्या फेरीत हिमोग्लोबिन आले, तिसऱ्या फेरीत एचआयव्ही, चौथ्या फेरीत रक्तातली साखर. जननदराची कोष्टके मांडणाऱ्याला शरीरशास्त्र टाळता येईना, ते या यादीमुळे.

अशा आंतरविद्याशाखीय संशोधनावर जुना आक्षेप असा, की चार विषयांत पाय ठेवणारा संशोधक एकाही विषयात पक्का राहत नाही. त्यात तथ्य आहे. सांख्यिकीचा पाया कच्चा असलेले आंतरविद्याशाखीय प्रबंध पोकळच निघतात. पण रक्तक्षयाचा वाद पाहा. 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमधले त्याचे प्रमाण चौथ्या फेरीत 53 टक्के होते, पाचव्या फेरीत 57. महाराष्ट्रात 48 वरून 54. आहार बिघडला, की बोट टोचून काढलेल्या थेंबाची मोजणीच चुकली? शिरेतले रक्त तपासा, असे काही तज्ज्ञ म्हणतात. याचा निकाल एकटा डॉक्टर लावू शकत नाही, एकटा सांख्यिक तर नाहीच. नमुना कसा निवडला, थेंब कसा काढला आणि घरात शेवटी कोण जेवते, हे तिन्ही प्रश्न एकाच डोक्यात असावे लागतात. वेगवेगळ्या तज्ज्ञांची समिती नेमली की झाले, हे उत्तर अपुरे आहे. कारण प्रश्नावली लिहितानाच काय विचारायचे ते ठरते, समिती बसते ती नंतर.

भूगोलाचेही तसेच. ही पाहणी मुंबई उपनगर जिल्ह्याला एक सरासरी देते. कांदिवलीत मात्र चारकोपची जागतिक बँकेच्या योजनेतली बैठी वसाहत, ठाकूर व्हिलेजचे मनोरे आणि जंगलाच्या कडेची दामूनगरची झोपडपट्टी त्याच एका आकड्यात गडप होतात. नमुना एवढ्या लहान वस्तीसाठी काढलेलाच नसतो, हे सांख्यिकीचे म्हणणे रास्त आहे. म्हणूनच दामूनगरवर प्रबंध लिहिणाऱ्याला पालिकेच्या आरोग्य केंद्राच्या नोंदी, पाण्याच्या वेळा आणि भाड्याची घरे यांपासून सुरुवात करावी लागते, आणि या तिन्हींचे दप्तर तीन वेगळ्या खात्यांत असते.