घर सांभाळून डॉक्टरकी : अर्ज कुठे करावा?

नीट परीक्षेचा निकाल लागला की गावोगावी एकच विषय निघतो. पोराला, पोरीला डॉक्टरकीला कुठे घालायचे? बहुतेक घरांत उत्तर सोपे असते. जिथे नंबर लागेल तिथे जायचे, मग ते नांदेड असो की गोंदिया. पण काही घरांची गोष्ट वेगळी असते. आई अंथरुणाला खिळलेली, वडील दिवसदिवस होडीवर, धाकटी भावंडे शाळेत आणि घरातले औषधपाणी पाहणारी एकटी मोठी मुलगी. तिला गुण चांगले पडले, तरी ती आठशे किलोमीटरवर जाऊन बसली तर घराचे काय?

न्हावा शेवा, जासई, गव्हाण, उरण या पट्ट्यात अशी घरे थोडी नाहीत. बंदरासाठी इथली शेती गेली, मिठागरे गेली, शेवा गाव तर मूळ जागेवरून उठले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात इथल्या पाच जणांनी प्राण दिले. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. जगभरची जहाजे दाराशी लागू लागली, पण मोठे आजारपण आले की अजूनही माणूस नवी मुंबईला नाहीतर मुंबईला न्यावा लागतो. अशा भागातली मुले डॉक्टर व्हावीत आणि शिकतानाही घर सुटू नये, ही इच्छा रास्त आहे. तेवढ्यासाठी अर्ज मात्र हिशेबाने भरला पाहिजे.

दावे किती लांब आहे?

अर्ज भरण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून एक गोष्ट ठरवावी. मुलगी घरी रोज हवी, आठवड्यातून एकदा हवी, की अडीनडीला दोन-तीन तासांत पोहोचली म्हणजे पुरे? ही तीन उत्तरे वेगळी आहेत आणि प्रत्येकावरून महाविद्यालयांची यादी वेगळी होते.

एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि पुढे एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच वर्षे. तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. दुसऱ्या वर्षापासून रुग्णालयाच्या वॉर्डात काम सुरू होते आणि इंटर्नशिपमध्ये रात्रपाळ्याही येतात. तेव्हा महाविद्यालय कितीही जवळ असले, तरी साडेपाच वर्षे रोज संध्याकाळी मुलगी घरी येईल असे कोणी धरून चालू नये. घरची रोजची कामे कोण करणार याची सोय आधी लावावी. भावकीतले कोणी, शेजारची काकू किंवा महिन्याच्या पगारावर कोणी बाई. ती सोय झाली तर दावे बरेच लांब होते.

जवळ म्हणजे नेमके कुठे?

न्हावा शेव्याहून जवळ-लांब नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही. मध्ये पाणी आहे.

१२ जानेवारी २०२४ ला दोन गोष्टी झाल्या. उरणपर्यंतची रेल्वे पुरी झाली आणि शिवडी–न्हावा शेवा अटल सेतू खुला झाला. आता न्हावा शेवा स्थानकातून गाडी धरली की नेरूळ गाठता येते. नेरूळलाच डॉ. डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कामोठ्याला एम.जी.एम. आहे. ठाण्याच्या बाजूला कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते ठाणे महापालिकेचे.

अटल सेतू २१.८ किलोमीटरचा. तो शिवडीला उतरतो आणि तिथून परळचे के.ई.एम. रुग्णालय जवळ. त्याला जोडलेले सेठ जी. एस. महाविद्यालय १९२६ पासून चालू आहे. मात्र या पुलावर मोटारसायकल, रिक्षा आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. बस किंवा मोटारच हवी आणि पूल सुरू झाला तेव्हा मोटारीचा टोल एका फेरीला २५० रुपये ठरला होता. रोजच्या येण्याजाण्याला तो परवडणार नाही, पण रात्रीबेरात्री घरून निरोप आला तर उपयोगी पडेल.

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच जुनी आहे. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय आणि त्याला जोडलेले ग्रँट महाविद्यालय धक्क्यापासून फार लांब नाही. पण ओहोटीला मोऱ्याला गाळाचा त्रास होतो आणि समुद्र खवळला की लाँच बंद, हे आपल्या लोकांना सांगायला नको.

अलिबागला जिल्हा रुग्णालयाला जोडून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये १०० जागांनी सुरू झाले. ते आपल्याच जिल्ह्यातले. करंजाहून रेवसला पाण्याने आणि तिथून रस्त्याने, नाहीतर पेण-वडखळवरून रस्त्याने जावे लागते. रोजचे जमणार नाही, शनिवार-रविवारचे सहज जमेल.

दारातले स्वस्त नाही

इथे बऱ्याच घरांची फसगत होते. नेरूळ आणि कामोठे जवळ, म्हणून पहिले नाव तिथलेच घातले जाते. डी. वाय. पाटील आणि एम.जी.एम. ही अभिमत विद्यापीठांची महाविद्यालये आहेत. तिथली फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते. वीस लाखच धरले तरी साडेचार वर्षांचे नव्वद लाख होतात. शासकीय महाविद्यालयाची फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास असते. तेरणा खासगी आहे, पण त्याची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि प्रवेश राज्याच्या यादीतून होतात.

आंदोलनातून मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड विकून पोराला दाराशी डॉक्टर करू, असे काही जण म्हणतात. ज्याचे त्याने ठरवावे. पण फक्त घर जवळ राहावे म्हणून भूखंड विकायचा असेल, तर आधी अलिबाग, कळवा आणि मुंबई यांचा विचार पुरा करावा. तीन तासांचे अंतर वाचवण्यासाठी तीन पिढ्यांची ठेव घालवू नये.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ओ.बी.सी., एस.ई.बी.सी. आणि ई.डब्ल्यू.एस. प्रवर्गातल्या, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण खासगी अभिमत विद्यापीठे या सवलतीतून वगळली आहेत. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेलाही ती लागू नाही.

विभागाचा कोटा गेला

पूर्वी महाराष्ट्रात ७०:३० चा नियम होता. आपल्या विभागातल्या महाविद्यालयांत ७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना मिळत. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने तो रद्द केला. आता अलिबागच्या जागेवर रायगडच्या मुलाचा वेगळा हक्क नाही. लातूरचा आणि उरणचा मुलगा एकाच गुणवत्ता यादीत उभा राहतो. ज्याला कुठेही जाता येते त्याला अख्खा महाराष्ट्र मोकळा आहे. ज्याला घराजवळच राहायचे आहे, त्याला मोजक्या महाविद्यालयांसाठी सगळ्या राज्याशी स्पर्धा करावी लागते. म्हणून अशा मुलाने अकरावीपासूनच जास्त गुणांची तयारी ठेवावी.

प्रकल्पग्रस्ताचा दाखला नोकरीत उपयोगी पडतो. वैद्यकीय प्रवेशाच्या हिशेबात तो धरू नये.

यादी कशी भरावी?

शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याचा सी.ई.टी. कक्ष भरतो. उरलेल्या १५ टक्के जागा आणि सगळी अभिमत विद्यापीठे दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. दोन्हीकडे नोंदणी वेगळी करावी लागते. अभिमतच्या नोंदणीला दोन लाख रुपये अनामत लागते, तेव्हा जायचेच नसेल तर तिकडे वळू नये.

पसंतीक्रम भरताना नियम एकच. जे मनापासून हवे ते वर, त्याहून कमी हवे ते खाली. ‘तिथे नंबर लागणार नाही’ म्हणून चांगले नाव गाळू नये. वरचे मिळाले नाही तर यंत्रणा आपोआप खालचे पाहते, वरचे नाव लिहिल्याने तोटा होत नाही. उलट जिथे जाणे घराला शक्यच नाही, ते नाव यादीत नुसती भर म्हणून घालू नये. तीच जागा मिळाली आणि आपण गेलो नाही, तर पुढच्या फेऱ्यांत अनामत जप्त होते आणि प्रक्रियेतून बाहेर पडण्याचीही वेळ येते. त्या वर्षाची माहिती पुस्तिका घरात कोणीतरी शेवटपर्यंत वाचावी.

मागच्या वर्षी कुठे किती गुणांना प्रवेश मिळाला, एवढेच विचारत बसू नये. २०२४ च्या मानाने २०२५ चा पेपर अवघड गेला आणि गुण एकदम खाली आले. गुण बदलतात, म्हणून देशातला क्रमांक किती होता ते पाहावे.

कागदपत्रे उन्हाळ्यातच गोळा करावीत. अधिवास दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयर. अखिल भारतीय जागांसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा लागतो. वैधतेला महिने लागतात, ती बारावीच्या आधीच मागावी.

नाहीच मिळाले तर?

नीटच्या त्याच गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे प्रवेश होतात. वरळीचे रा. आ. पोदार आयुर्वेद महाविद्यालय शासकीय आहे आणि आपल्यापासून लांब नाही. ज्यांना एम.बी.बी.एस.च करायचे आहे, त्यांना परीक्षा पुन्हा देता येते. कमाल वयाची अट २०२२ मध्ये उठली. घर सांभाळत एक वर्ष थांबणे हा कमीपणा नाही.

शेवटी एक सूचना. शासकीय किंवा महापालिकेच्या महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरला एक वर्ष शासनाच्या सेवेत काम करावे लागते. नेमणूक राज्यात कुठेही होऊ शकते. साडेपाच वर्षे घराजवळ काढली तरी हे एक वर्ष दूर जाण्याची मनाची तयारी आई-वडिलांनीही ठेवावी. त्या वर्षी ती दुसऱ्या कोणाच्या गावची डॉक्टर असेल. नंतर परत येऊन तिने उरणच्या बाजारपेठेत पाटी लावली, तर रात्री छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याला दाखवायला जवळच आपले माणूस असेल.