बोईसर-तारापूरचे कारखाने आणि जव्हार-मोखाड्याचा कामकरी

ज्या प्रदेशात कारखाने उभे राहतात तेथील माणसांस काम आपोआप मिळते, अशी समजूत रूढ आहे. पालघर जिल्ह्याचा अनुभव तीस दुजोरा देत नाही. तारापूरचे अणुविद्युत् केंद्र १९६९ साली चालू झाले. पुढे बोईसरलगत औद्योगिक वसाहत वसून रसायने, औषधे, कापड, पोलाद इत्यादी धंदे तेथे आले. तथापि त्याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याची अनेक वारली, कोकणा व कातकरी कुटुंबे भातकापणी आटोपली की दिवाळीनंतर आजही वीटभट्टीची वाट धरतात. काम आणि कामकरी एकाच जिल्ह्यात असूनही त्यांची गाठ पडत नाही, याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण व्याख्येचे. राज्य शासनाच्या २००८ च्या निर्णयानुसार उद्योगांत पर्यवेक्षकीय श्रेणीत ५० टक्के व इतर श्रेणींत ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांस अपेक्षित आहेत. परंतु येथे 'स्थानिक' म्हणजे राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य असलेला. म्हणजे कोल्हापूरचा व मोखाड्याचा उमेदवार या दृष्टीने समानच. धोरण तंतोतंत पाळले गेले तरी मोखाड्यास त्याचा लाभ होईलच असे नाही.

दुसरे कारण दळणवळणाचे. २०१३ साली उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत पोहोचली आणि विरारच्या कारागिरास बोईसरला रोज ये-जा करणे सुलभ झाले. जव्हार-मोखाड्यास मात्र रेल्वे नाही.

तिसरे व सर्वांत खोल कारण पात्रतेचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील रासायनिक संयंत्र चालकाच्या अभ्यासक्रमास विज्ञान व गणितासह दहावी उत्तीर्ण असावे लागते. उचल घेऊन भट्टीवर गेलेल्या कुटुंबातील मुलाची शाळा ऐन वर्षात सुटते. यास्तव कौशल्याचा अभाव हे येथील दारिद्र्याचे जितके कारण, तितकेच ते हंगामी स्थलांतराचे फळही होय.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ हा या दरीवरील एक पूल आहे. २०१९ च्या नियमांनुसार तीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनेस, कंत्राटी कामगार धरून, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावे लागतात. उमेदवारास विद्यावेतन मिळते. परंतु पुढील नोकरीची हमी नसते, आणि तो कोणत्या तालुक्यातील असावा याविषयी हे प्रमाण काहीच सांगत नाही. त्यामुळे वेल्डरसारखे आठवी उत्तीर्णांस खुले असणारे अभ्यासक्रम, वसतिगृह आणि उचल घेण्याच्या वेळेपूर्वी सुरू होणारे विद्यावेतन यांची सांगड त्यास घालावी लागेल.

या विचारास जिल्ह्यातच पूर्वाधार आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आरंभिलेले ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडला गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. प्रशिक्षणाचे वेळापत्रक भातशेती व भट्टी यांच्या हंगामास अनुसरून आखणे हे त्याच तत्त्वाचे उपयोजन ठरेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली असल्याने हा प्रश्न पुन्हा निकडीचा झाला आहे. 'स्थानिक किती?' एवढीच गणना होत राहिली तर बोईसरचा अनुभव वाढवणलाही येईल. 'कोणत्या तालुक्यातील किती?' अशी गणना झाली, तरच जव्हार-मोखाड्याचा कामकरी हिशेबात दिसू लागेल.