दोघेही नोकरीला, घर फ्लॅटमध्ये : कुत्रा आणावा का?



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण दरवर्षी लिहून घेतो. वर्गातली निम्मी मुले कुत्राच निवडतात. कुत्रा इमानी असतो, घराची राखण करतो, आपल्याला पाहून शेपूट हलवतो, हे सगळ्यांना तोंडपाठ. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीने शेवटी एक वेगळे वाक्य लिहिले होते : 'मला कुत्रा हवा आहे, पण आई म्हणते आपण दिवसभर घरी नसतो.' मी 'छान' असा शेरा दिला आणि वही परत केली. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण तिच्या आईला जे सुचले, ते मला स्वतःला वेळेवर सुचले नव्हते.

आमच्या घरी दोघेही नोकरी करतो, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मुलाच्या हट्टापायी दिवाळीच्या सुट्टीत दोन महिन्यांचे पिल्लू आणले. सगळे घरी होते, त्यामुळे नव्याचे नऊ दिवस मजेत गेले. सुट्टी संपली आणि पिल्लू रोज दहा तास एकटे राहू लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुम्ही गेलात की किती वेळ रडत असतं हो ते!" घरभर शू, चावलेल्या चपला, आणि संध्याकाळी दमून आल्यावर आमची चिडचिड. चार महिन्यांनी त्याला गावी थोरल्या दिरांच्या मळ्यात सोडले. पिल्लू तिथे रमले. मुलगा मात्र परतीच्या वाटेवर एक शब्दही बोलला नाही. चूक पिल्लाची नव्हती, मुलाचीही नव्हती. आम्ही मोठ्यांनी आधी हिशोब केला नव्हता.

म्हणून पालकांना मी सांगते, 'कुत्रा आवडतो का?' हा प्रश्न बाजूला ठेवा. 'आपल्या दिवसात त्याच्यासाठी तास आहेत का?' हा खरा प्रश्न. तो कसा सोडवायचा ते पाहू.

१) घड्याळाचा हिशोब

एका कागदावर सकाळी ६ ते रात्री ११ असे तास लिहा. प्रत्येक तासासमोर घरात कोण असते त्याचे नाव लिहा. ज्या तासांपुढे कोणाचेच नाव नाही, ते तास कुत्र्याने एकट्याने काढायचे आहेत.

आता हे ताडून पाहा. पिल्लू जितक्या महिन्यांचे, साधारण तितकेच तास ते शू रोखू शकते, असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे तीन महिन्यांचे पिल्लू तीन तास. मोठा कुत्रा सहा ते आठ तास रोखू शकतो, पण रोज इतका वेळ एकटे राहणे त्यालाही जड जाते. तुमच्या कागदावर सलग नऊ-दहा तास रिकामे असतील, तर पिल्लू आणू नका. दुपारी आजी-आजोबा घरी असतील, दोघांच्या ड्युट्या वेगवेगळ्या असतील, किंवा दुपारी फिरवून आणणारा खात्रीचा माणूस मिळत असेल, तर गोष्ट वेगळी.

फिरवणे रोज दोन-तीन वेळा असते, रविवारीसुद्धा. आपल्याकडे चार महिने पावसाळा. भर पावसात रात्री दहाला खाली कोण जाणार, त्याचे नाव आत्ताच लिहा. एप्रिल-मेमध्ये डांबरी रस्त्याने पंजे भाजतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही.

२) वर्षांचा हिशोब

कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो. आज पाचवीत असलेला मुलगा तोवर कॉलेज संपवून कदाचित परगावी गेलेला असेल. 'मी सगळं करीन' हे त्याचे वचन खरेच असते हो, पण जबाबदारी शेवटी आई-बाबांचीच. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाची मनापासून तयारी नसेल, तर तिथेच थांबा.

३) कोणता कुत्रा?

घराच्या आकारापेक्षा कुत्र्याचा स्वभाव आणि त्याला लागणारा व्यायाम महत्त्वाचा. लॅब्रॅडॉर, बीगल ही जोमदार जनावरे, नुसती घरात बसवली तर नासधूस करणारच. हस्की थंड प्रदेशातला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो, म्हणून दाट केसांच्या कुत्र्याला आपला उन्हाळा सोसत नाही. आखूड केसांचा देशी कुत्रा इथल्या हवेला सरावलेला असतो. नोकरदारांनी दोन-तीन वर्षांचा, शांत स्वभावाचा देशी कुत्रा दत्तक घेण्याचा विचार जरूर करावा. पिल्लाचे सर्वांत कठीण महिने तरी टळतात.

४) लस आणि कायदा

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला मैदानात नेता येत नाही, म्हणजे तोवर घरातच पुसापुशी. महापालिकेचा परवानाही काढावा लागतो.

सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. घर भाड्याचे असेल तर घरमालकाशी आधी बोला. मात्र हक्कासोबत कर्तव्यही येते. खाली केलेली घाण आपणच उचलायची. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा गुन्हा आहे. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी आहे, ती फ्लॅटमध्येही लागू होते.

५) उत्तर 'नाही' आले तर?

मुलाला नुसते 'नाही' म्हणू नका, तो कागद दाखवा. रिकामे तास त्यालाच मोजू द्या. शेजाऱ्यांचा कुत्रा रविवारी फिरवायला न्या. एखाद्या प्राणी निवाऱ्यात सुट्टीच्या दिवशी मदतीला जा. काही संस्था कुत्रा थोड्या आठवड्यांसाठी सांभाळायला देतात. सुट्टी चालू असताना नव्हे, शाळा-ऑफिस चालू असताना हा प्रयोग करा. तेव्हाच खरे काय ते कळेल.

शिक्षकांसाठी एक उपक्रम : यंदा 'माझा आवडता प्राणी'ऐवजी 'माझ्या घरात कुत्र्याचा एक दिवस' हा निबंध द्या, सकाळपासून रात्रीपर्यंत, कुत्र्याच्या तोंडून. मी दिला होता. एका मुलाने लिहिले, 'दार बंद झालं. आता मी घड्याळाकडे बघत बसतो, पण मला घड्याळ कळत नाही.' त्याच्या आईने वही वाचली आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. पिल्लासाठी दिलेला ॲडव्हान्स त्यांनी परत घेतला होता. मुलगा रुसला नाही, कारण उत्तर त्यानेच शोधले होते.