श्वासाची शिदोरी – भाग ६ : वजनाचा काटा आणि पंचविशीतली फुप्फुसं

फुप्फुसांची ताकद विशी-पंचविशीपर्यंत वाढत जाते आणि पुढे आयुष्यभर थोडीथोडी उतरत राहते, हे मागच्या भागात पाहिलं. पंचविशीला गाठीशी किती जमा आहे, त्यावर साठीतले जिने अवलंबून असतात. या जमेत वजनाचा वाटा किती, ते आज पाहू.

सुरुवात पोटापासून करायला हवी. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकतं आणि फुप्फुसांना फुलायला जागा मिळते. पोटात चरबी साठली की हे खाली सरकणं जड जातं, आणि श्वास सोडल्यावर श्वासपटल नेहमीपेक्षा वर जाऊन बसतं. सहज श्वास सोडून झाल्यावरही जोर लावून आणखी थोडी हवा बाहेर काढता येते. वजन वाढलं की सर्वांत आधी आटते ती ही राखीव हवा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 20 असलेल्यांच्या तुलनेत 30 असलेल्यांची राखीव हवा अवघी 47 टक्के भरली. फुप्फुसांची एकूण क्षमता मात्र बरीच शाबूत होती. म्हणूनच स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून करायच्या श्वासचाचणीचा, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि तरीही दुसऱ्या मजल्यावर धाप लागते. अशी धाप लागणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे. राखीव हवा आटली की फुप्फुसांच्या तळाकडच्या बारीक श्वासनलिका मिटू लागतात. तिथे रक्त पोचतं, हवा पुरेशी पोचत नाही. आडवं झाल्यावर पोट आणखी वर दाबतं, म्हणून रात्री त्रास वाढतो.

हा झाला नुसत्या दाबाचा भाग. चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायनंही रक्तात सोडतात, आणि लठ्ठपणात दम्याचा धोका वाढतो, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

पण काट्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. स्टॉकहोममध्ये 1994 ते 1996 दरम्यान जन्मलेल्या चार हजारांहून अधिक मुलांचा ‘बॅमसे’ या प्रकल्पात जन्मापासून पाठपुरावा होत आला आहे. बालपणापासून ज्यांचा बीएमआय झपाट्याने चढत गेला, त्यांच्या श्वासनलिका चोविसाव्या वर्षी अरुंद आढळल्या. जी मुलं सतत कृश राहिली, त्यांची फुप्फुसं मुळात पूर्ण वाढलीच नव्हती. आणि ज्यांचं लहानपणी वाढलेलं वजन वयात येण्याआधी आटोक्यात आलं, त्यांच्या फुप्फुसांत अशी तूट दिसली नाही. मला या अभ्यासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण तिच्यात आईवडिलांना आणि शाळांना अजून काही करता येण्यासारखं आहे.

आपल्याकडे तर दोन्ही टोकं एकाच गल्लीत भेटतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं आणि 18.7 टक्के स्त्रिया कृश होत्या. त्यात भारतीय शरीराची एक खोड आहे, ती पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडली. 2004 मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या तरुणांनी म्हणूनच काट्याबरोबर कमरेला टेपही लावावी. पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही आपल्याकडे सांगितली जाणारी मर्यादा आहे.

कृश मुलांच्या बाबतीत क्षयरोगाचा विचार टाळून चालणार नाही. कुपोषित शरीर क्षयाच्या जंतूला लवकर बळी पडतं, आणि औषधांनी रोग बरा झाला तरी फुप्फुसांत व्रण उरू शकतात. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना महिन्याचं धान्य आणि पूरक जीवनसत्त्वं दिली, तेव्हा त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. 2023 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फुप्फुसं वाचवण्यात डाळ-तांदळाचा वाटा किती मोठा असतो, याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

वजन जास्त असलेल्या मुलाला धाप लागते म्हटल्यावर ‘आधी वजन कमी कर’ एवढंच सांगून परत पाठवू नये. त्याला दमा असू शकतो; तपासणी करायलाच हवी. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सोबत वजनात घट असेल तर थुंकीची तपासणी लगेच करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

पुढील भागात : घोरणं आणि झोपेत अडणारा श्वास.