पार्टला नंबर द्यावा तो असा

कवितेच्या माणसानं यंत्रांच्या ड्रॉइंगवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण बीए झाल्यावर काही वर्षं मी नगरच्या एमआयडीसीत एका ड्रॉइंग ऑफिसात नोंदवही सांभाळली आहे. अमोनिया प्रिंटच्या वासानं डोळे चुरचुरायचे. इंजिनिअर ड्रॉइंग काढायचे, मी नंबर द्यायचो. कुठली प्रिंट कुठल्या शॉपला गेली ते लिहून ठेवायचो, आणि जुनी परत आल्याशिवाय नवी हातात द्यायचो नाही.

आज ते सगळं ऑफिस एका लॅपटॉपमध्ये मावतं. नागापूर, सुपा भागातल्या लहान वर्कशॉपांना जिग, फिक्स्चर, अवजारांचे भाग डिझाइन करून देणारी मुलं घरी बसून कामं करतात. माझा भाचा त्यांतलाच. ड्रॉइंग उत्तम काढतो, पण नोंदवही ठेवणारा माणूस त्याच्याकडे नाही. 'ब्रॅकेट', 'ब्रॅकेट नवा', 'ब्रॅकेट फायनल', 'ब्रॅकेट फायनल २' असे चौघं भाऊ एका फोल्डरमध्ये नांदत होते. मागे एका वर्कशॉपनं त्यातल्या जुन्यावरून बारा नग कापले. मटेरियल गेलं, मशीनचा वेळ गेला, आणि पैसे कोणी भरायचे यावर महिनाभर वाद. "मामू, नवीन फाइल मी व्हॉट्सॲपवर पाठवली होती ना," तो म्हणाला. पाठवली होती हे खरंच. पण लेथवरच्या माणसाच्या हातातला कागद जुना आहे, हे त्या कागदानं त्याला कसं सांगावं?

इथं मला एका कवीचीच आठवण होते. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतमधले कवी. एका नावाची अनेक गावं, पत्त्यावर नाना भाषा आणि नाना अक्षरं. त्यातून वाट काढायला त्यांनी सहा आकडे दिले. २०२४ साली आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली. शहराचा ४१४००१ मात्र जागचा हलला नाही, कारण त्यात नाव नव्हतंच.

पार्टचंही तसंच आहे. नव्या मुलांना नंबरातच सगळं कोंबायचा मोह होतो: गिऱ्हाइकाची आद्याक्षरं, मशीनचं नाव, लोखंड की ॲल्युमिनियम, डावा की उजवा. उद्या लोखंडाचं ॲल्युमिनियम झालं की नंबर खोटं बोलायला लागतो. कोणी म्हणेल, बेअरिंगच्या नंबरात अर्थ असतोच की. असतो. ६२०४ मधले शेवटचे ०४ पाचानं गुणले की आतलं भोक २० मिलिमीटर, ६२०५ चं २५. पण ती मापं जगभर ठरून गेलेली आहेत. आपल्या ब्रॅकेटचं माप गिऱ्हाइकाचा फोन येईपर्यंतच ठरलेलं असतं!

म्हणून मी त्याला साधी पद्धत सांगितली. प्रत्येक कामाला एक अनुक्रमांक, आणि त्यापुढे पार्टचा: १०७-१०१, १०७-१०२. सुरुवात शून्यानं करू नये. ०४७ लिहिलं की एक्सेल त्याचं ४७ करून टाकतं. डाव्या-उजव्या जोडीला दोन वेगळे नंबर. बाजारात मिळणारे बोल्ट, बेअरिंग यांची सगळ्या कामांत मिळून एकच यादी, नाहीतर एकाच एम-८ बोल्टला दहा कामांत दहा नावं पडतात. नाव, मटेरियल, गिऱ्हाइकाचा स्वतःचा पार्ट नंबर हे सगळं नोंदवहीच्या रकान्यात.

कॅडमध्ये याची दुहेरी गरज असते. असेंब्लीची फाइल आपले पार्ट फाइलच्या नावानं शोधते. बाहेरून परस्पर नाव बदललं की ती 'पार्ट सापडत नाही' म्हणते. आणि दोन फोल्डरांत दोन 'ब्रॅकेट' असले तर याच्या मशीनमध्ये त्याचा ब्रॅकेट येऊन बसू शकतो. तेव्हा मूळ फाइलचं नाव फक्त नंबर. रिव्हिजनचं अक्षर वर्कशॉपला जाणाऱ्या पीडीएफवर आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत. त्या अक्षरांत 'आय' आणि 'ओ' गाळतात. एक आणि शून्य समजून घोटाळा होतो.

रिव्हिजन कधी आणि नवा नंबर कधी, यावर मात्र मोठमोठ्या ऑफिसांतही भांडणं झालेली मी पाहिली आहेत. मला पटलेली कसोटी अशी: जुना आणि नवा नग एकाच डब्यात मिसळले, तर कुठलाही उचलून बसवता येईल का? येत असेल तर रिव्हिजन. एखादी धार मोडायची सूचना घातली, तर 'ए' चा 'बी' पुरे. बुशचं भोक २० चं २२ केलं, तर तो दुसराच बुश. त्याला नवा नंबर.

शेवटचं, रद्द नंबराचं. १९५०-५१ च्या हंगामापासून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना चालू आहे, आणि त्यामागून जिल्ह्यात कितीतरी उभे राहिले. गाळप संपलं की दुरुस्ती निघते, आणि वीस वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगचा नंबर सांगून भाग मागवला जातो. तो नंबर मधल्या काळात दुसऱ्या पार्टला दिलेला असेल, तर येणारा माल भलताच असेल. म्हणून वाया गेलेला नंबर पुन्हा वापरायचा नाही. नोंदवहीत त्यावर आडवी रेघ, पुढे 'रद्द' आणि तारीख.